प्लग लावलाय, पण चार्जिंग होत नाही: जुन्या लॅपटॉपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला रामबागेत राहतो. पीथमपूरच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा दुरुस्तीसाठी मिळाला. ओळखीपाळखीच्यांचे लॅपटॉप त्या कोपऱ्यावर येतात. फोनवर प्रश्न त्याहून जास्त येतात आणि त्यातले निम्मे तरी चार्जिंगचे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम साधारण स्वस्त उपायाकडून महाग उपायाकडे जातो. घाई असेल तर बॅटरी विकत घ्यायच्या आधी निदान पहिले तीन प्रश्न वाचा.

१. चार्जर लावलाय, तरी चार्जिंग होत नाही. बॅटरी गेली, असंच ना?

बहुतेक जण आधी बॅटरी मागवतात आणि मग मला फोन करतात. आधी लक्षण नीट बघू या, कारण "चार्ज होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात.

चार्जर लावल्यावर लॅपटॉपला त्याचा पत्ताच लागत नाही, दिवा नाही, स्क्रीनवरचं प्लगचं चिन्हही नाही, तर वीज आतपर्यंत पोचत नाहीये. दोष सॉकेट, वायर, अडॅप्टर (चार्जरचा ठोकळा) किंवा जॅक (लॅपटॉपवरचं चार्जरची पिन बसायचं भोक) यांपैकी कशात तरी आहे (प्रश्न २, ३ आणि ६). "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असं दिसतं, तर वीज पोचते आहे पण कोणीतरी चार्जिंग अडवलं आहे. ते सेटिंग असेल, अडॅप्टरची ओळख असेल, तापमान असेल किंवा बॅटरीच्या आतलं सर्किट असेल (प्रश्न ५, ७, १३, १४). आणि १०० टक्के चार्ज होऊन वीस मिनिटांत लॅपटॉप बंद पडत असेल, तर चार्जिंग ठीक आहे, बॅटरी म्हातारी झाली आहे (प्रश्न ९).

बॅटरी बाहेरून निघत असेल तर ती काढा आणि नुसत्या अडॅप्टरवर लॅपटॉप चालवून बघा. चालला नाही तर बॅटरीचा विषय बाजूला ठेवा.

२. घरी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) वगैरे काही नाही. तरी काय तपासू?

सॉकेट. हसू नका. आपल्याकडचे बहुपयोगी एक्स्टेंशन बोर्ड सगळ्या प्रकारच्या पिना घेतात आणि वर्षभरात एकही घट्ट धरत नाहीत. अडॅप्टर थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटमध्ये लावा. मग भिंतीपासून अडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंतची सुटी वायर बदलून बघा. ती तीन भोकांची वायर बऱ्याच लॅपटॉपना सारखीच लागते, शेजाऱ्यांकडे मिळेल.

त्यानंतर ठोकळ्यापासून लॅपटॉपकडे जाणारी बारीक वायर बोटांनी चाचपत या. दोष बहुधा शेवटच्या दोन इंचांत असतो. मागे लोकमान्य नगरातल्या एक काकू चार्जर घेऊन आल्या. पिनेपाशी काळी चिकटपट्टी, तिच्यावर पांढरी आणि त्यावर देव्हाऱ्यातल्या दोऱ्याची गाठ. पट्ट्या सोडवल्या तर रबर फाटलेलं आणि बाहेरच्या जाळीच्या तारा हिरव्या पडलेल्या, तीन-चारच शिल्लक. लॅपटॉप एका विशिष्ट कोनात ठेवला की चार्ज व्हायचा, म्हणून काकूंनी त्याखाली कायमची डिक्शनरी सारून ठेवली होती. अडॅप्टर बदलला आणि डिक्शनरी कपाटात परत गेली.

अडॅप्टरवर दिवा असेल तर एक खूण लक्षात ठेवा. भिंतीत लावल्यावर दिवा लागतो आणि लॅपटॉपला जोडताच विझतो, याचा अर्थ पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि अडॅप्टर स्वतःला वाचवतो आहे. तो भिंतीतून काढून पाच मिनिटं ठेवा, मग लॅपटॉपला न जोडता लावा. दिवा परत लागला तर अडॅप्टर बहुधा शाबूत आहे. मग जॅक आणि लॅपटॉपच्या आतल्या मुख्य बोर्डाकडे (मदरबोर्ड) बघावं लागेल.

३. मल्टिमीटर आहे. अडॅप्टर कसा मोजायचा?

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. हाताने रेंज निवडायचा साधा मीटर असेल तर २० ची रेंज, पण वीस व्होल्टच्या अडॅप्टरला ती काठावर अपुरी पडते, त्यापेक्षा २०० ची घ्या. लाल टोक पिनेच्या आत, काळं टोक बाहेरच्या धातूच्या नळीला. अडॅप्टरच्या लेबलवर "आउटपुट" म्हणून जो आकडा आहे त्याच्या आसपास, फार तर अर्धा व्होल्ट इकडेतिकडे, वाचन यायला हवं. १९.५ च्या जागी १२ किंवा खालीवर नाचणारा आकडा आला तर अडॅप्टर गेला.

डेल, एचपी आणि जुन्या गोल पिनेच्या लेनोवो अडॅप्टरमध्ये मधोमध एक सुईसारखी पिन असते. ती मुख्य वीज नेत नाही, ओळख सांगते. लाल टोक त्या सुईला न लावता नळीच्या आतल्या भिंतीला लावायचं. मी एकदा चष्मा न लावता हे करायला गेलो आणि टोकाने आतली भिंत आणि बाहेरची नळी एकाच वेळी गाठली. ठिणगी उडाली, दिवा विझला. नवा अडॅप्टर मारला म्हणून कपाळावर हात मारून घेतला, पण भिंतीतून काढून थोड्या वेळाने लावल्यावर तो परत उठला.

एवढं करूनही खात्री अर्धीच. मीटर काहीच वीज ओढत नाही, म्हणून थकलेला अडॅप्टरही मीटरवर बरोबर आकडा दाखवतो आणि भार पडला की बसतो. बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवर एखादा व्हिडिओ चालवा. लॅपटॉप पटकन बंद पडला तर संशय अडॅप्टरवरच ठेवा. यूएसबी-सी चार्जरला ही पद्धत लागू नाही, प्रश्न १६ पहा.

४. घरात दुसऱ्या कंपनीचा चार्जर पडलाय. लावला तर चालेल का?

व्होल्ट जुळायला हवेत. १९ आणि १९.५ मध्ये अडचण येत नाही, पण १९ च्या लॅपटॉपला १५ किंवा २४ चा चार्जर लावू नका. अँपिअर लेबलवर मूळ चार्जरइतके किंवा जास्त असावेत. जास्त असले म्हणून लॅपटॉप जळत नाही, तो हवे तेवढेच ओढतो. कमी असले तर मात्र गंमत होते. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला की लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही, बंद ठेवला की भरते. हे लक्षण घेऊन बरेच जण येतात.

पिन आत बसली म्हणजे जुळली, असं नाही. नुसतं टोक सारखं असून व्यास किंचित वेगळा असला तर आत ठिणग्या पडून जॅक काळा होतो. आणि मधली सुई असलेल्या लॅपटॉपला ओळख लागतेच, ते पुढच्या प्रश्नात.

५. डेल चालू करताना "अडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही" असं काहीतरी येतं. लॅपटॉप चालतो, पण हळू, आणि चार्ज होत नाही.

डेलच्या मूळ अडॅप्टरमध्ये एक बारीक चिप असते. मधल्या सुईतून लॅपटॉप तिला विचारतो, "तू किती वॉटचा?" उत्तर मिळालं नाही तर लॅपटॉप धोका पत्करत नाही. बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतो. बॅटरी बदलून हा दोष जाणार नाही. यात दोन-दोन बॅटऱ्या बदललेली माणसं मला भेटली आहेत.

चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जा आणि बॅटरीच्या पानावर अडॅप्टर किती वॉटचा दाखवतो ते बघा. "अननोन" दिसलं तर आधी सुई वाकली आहे का बघा. मग दुसरा खात्रीचा डेल अडॅप्टर लावा. त्याने ओळख पटली तर दोष पहिल्या अडॅप्टरच्या वायरीत, ओळखीची तार फार बारीक असते आणि सगळ्यांत आधी तुटते. तरीही "अननोन" राहिलं तर जॅकचा मधला संपर्क, आणि शेवटी बोर्ड.

६. पिन हलवली, थोडी वर उचलून धरली की चार्ज होतं. रोज तसंच करतोय. चालेल?

चार-सहा महिने चालेल, मग खर्च वाढेल. दुसऱ्या अडॅप्टरनेही असंच होत असेल तर जॅक ढिला झालाय. प्रत्येक हलवण्याला आत छोटी ठिणगी पडते, संपर्क जळतो, गरम होतो आणि भोवतीचं प्लास्टिक वितळतं.

सुदैवाने अनेक लॅपटॉपमध्ये, विशेषतः डेल आणि एचपीमध्ये, जॅक छोट्या वायरीवर असतो आणि बोर्डावर नुसता खोचलेला असतो. स्क्रू काढले, जुना उपटला, नवा खोचला, की काम संपलं. काहींमध्ये मात्र तो बोर्डावर सोल्डर केलेला असतो. ते काम साध्या पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने घरी करू नका. बोर्डाचा जाड तांब्याचा थर उष्णता पिऊन टाकतो, जॅक निघत नाही आणि ओढाताणीत भोकातलं तांबं उखडून येतं.

७. चार्जिंग ८० टक्क्यांवर (किंवा ६० वर) अडतं. पुढे जातच नाही.

बिघाड नाही. बॅटरी जास्त टिकावी म्हणून कंपन्यांनी दिलेली सोय आहे आणि ती तुम्ही किंवा घरातल्या कोणीतरी चालू केली आहे. लेनोवोच्या घरगुती मॉडेलमध्ये तिला "कन्झर्व्हेशन मोड" म्हणतात, लेनोवोच्याच थिंकपॅडमध्ये चार्जिंग कधी सुरू व्हावं आणि कुठे थांबावं याचे दोन आकडे देता येतात, आसुसमध्ये ६० किंवा ८० निवडता येतं, डेल आणि एचपीच्या ऑफिसच्या मॉडेलांत हे बायोसमध्येही असतं. जुना लॅपटॉप एखाद्या ऑफिसातून विकत घेतला असेल तर बायोसमधली सेटिंग विंडोज नवं टाकल्यावरही तशीच राहते. त्यामुळे फॉरमॅट मारूनही आकडा पुढे सरकत नाही आणि माणूस हैराण होतो.

लॅपटॉप दिवसभर टेबलावर प्लगमध्येच राहत असेल तर ती सेटिंग बंद करू नका, असं माझं मत.

८. "पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा" आणि "बॅटरीचा ड्रायव्हर काढून टाका" हे उपाय खरे की भोंदू?

पहिला खरा आहे. लॅपटॉपमध्ये चार्जिंग, पंखा आणि कीबोर्ड सांभाळणारी एक वेगळी छोटी चिप असते, एम्बेडेड कंट्रोलर. विंडोज बंद केलं तरी ती जागीच असते आणि कधीकधी चुकीच्या समजुतीत अडकते. अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा, मग आधी बॅटरी आणि नंतर अडॅप्टर. बॅटरी आत बंद असेल तर थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांत तळाशी पेपरक्लिपचं टोक जाईल एवढं रीसेटचं भोक असतं. माइकचं भोक नाही ना, एवढं बघून घ्या.

दुसरा उपाय म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन "एसीपीआय" नावाची बॅटरीची नोंद काढून पुन्हा स्कॅन करणं. त्याने नुकसान होत नाही. फायदा झालेला मी फार क्वचित पाहिला.

९. बॅटरीचं वय झालंय का, हे कसं कळेल?

विंडोज ८ पासून पुढे हा अहवाल विंडोजच बनवून देतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत "पॉवरसीएफजी" लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि लगेच "बॅटरीरिपोर्ट" एवढं टाइप करून एंटर दाबा. फाइल कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं.

त्यात दोन आकडे शोधा, "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी". समजा पहिला ४७,५२० मिलीवॉट-तास आहे (१०.८ व्होल्ट गुणिले ४,४०० मिलीअँपिअर-तास, जुन्या सहा सेलच्या बॅटरीत हे नेहमी दिसतं) आणि दुसरा १९,०००. म्हणजे टाकी चाळीस टक्क्यांची उरली. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांत ८० टक्क्यांपर्यंत उतरते, तेव्हा सात-आठ वर्षांच्या लॅपटॉपला हा आकडा म्हणजे उतारवयच आहे.

आकडे चांगले आहेत आणि तरी चार्ज होत नाही, तर बॅटरीवरचा आळ मागे घ्या. अहवालात बॅटरीची नोंदच नसेल तर कनेक्टर निसटला आहे किंवा बॅटरी बोलत नाहीये.

१०. माझ्या थिंकपॅडमध्ये दोन बॅटऱ्या आहेत. एक भरते, दुसरी शून्यावरच. कोणती खराब?

कदाचित एकही नाही. टी४४० ते टी४८० आणि एक्स२४० ते एक्स२७० या घराण्यातल्या बऱ्याच मॉडेलांत एक बॅटरी आत आणि एक मागे बाहेर असते. दोन्ही एकदम भरत नाहीत, एकीचा नंबर झाला की दुसरीचा. रिकाम्या लॅपटॉपला तासभर लावून "दुसरी शून्यावर" म्हणणाऱ्यांना मी रात्रभर थांबायला सांगतो.

रात्रभरानेही तीच स्थिती असेल तर बाहेरची काढून बघा. आतली आता भरते आहे का? बाहेरचीच भरत नसेल तर तिच्या सपाट पट्ट्या आणि लॅपटॉपमधली पात्यांची रांग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. एखादं पातं आत दबलं असेल तर बॅटरी वीज देते पण संवाद करत नाही. थांबायचे आकडे (प्रश्न ७) दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळे देता येतात, तेही तपासा. एकीला कोणीतरी विचित्र आकडा देऊन ठेवलेला सापडतो.

त्याहून जुन्या काही थिंकपॅडमध्ये दुसरी बॅटरी डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेत बसते. ती आतापर्यंत बहुधा वयानेच गेलेली असते.

११. लॅपटॉप दीड वर्ष कपाटात होता. आता शून्य टक्के दाखवतो आणि हलत नाही. बॅटरी फ्रिजमध्ये ठेवू का?

फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की तिच्यावर दंव धरतं आणि ते पाणी आतल्या सर्किटवर बसतं. हा सल्ला कुठून उगवतो कळत नाही, पण दर पावसाळ्यात एकदा तरी येतो.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो आणि ३ च्या आसपास रिकामा मानतात. पडून राहिल्याने तो त्याखाली उतरतो. तसं झालं की चार्जिंग सर्किट आधी अगदी बारीक धारेने भरायचा प्रयत्न करतं, म्हणून लॅपटॉप बंद ठेवून चार-सहा तास चार्जर लावून बघा. आकडा हलला तर जमलं. त्याहूनही खूप खाली उतरून बराच काळ पडलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं. असा सेल जबरदस्तीने भरला तर पुढे आतून शॉर्ट होऊ शकतो, म्हणून बॅटरीचं सर्किटच त्याला नकार देतं. तो नकार मोडून काढायच्या युक्त्या व्हिडिओंत दाखवतात. करू नका.

पुढच्या वेळी कपाटात ठेवताना पन्नास टक्क्यांवर ठेवा.

१२. चार्जिंग थांबलंय आणि टचपॅडही दाबला जात नाही. दोन्हींचा संबंध आहे का?

आहे, आणि वाचताय तोच लॅपटॉप असेल तर तो आत्ता बंद करा. आतली बॅटरी फुगून टचपॅडला खालून रेटते आहे. लॅपटॉप सपाट ओट्यावर ठेवा. एखादा कोपरा डुगडुगतो आहे किंवा कडेची फट वाढली आहे, तर खात्रीच.

चार्जर काढा, पुन्हा लावू नका. झाकण उघडायची सवय असेल तर बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल तर पेचकसाने उचकटू नका, टोक आत शिरलं की पेट घेते. ती सुटी झाली तर गच्चीवर मातीच्या कुंडीत ठेवा, घरात नाही. धूर यायला लागला तर सगळे बाहेर आणि १०१ ला फोन. "थोडीशीच फुगली आहे, अजून चालते" हे वाक्य मला ऐकवू नका.

१३. फक्त मे महिन्यात चार्जिंग थांबतं. संध्याकाळी आपोआप सुरू होतं!

बॅटरीच्या आत तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो. सेल साधारण शून्य ते ४५ अंशांदरम्यानच चार्ज करायचे असतात. मे महिन्यात इंदूरची दुपार चाळीसच्या वर जाते, लॅपटॉप गादीवर, खालची जाळी बंद. आतला आकडा पंचेचाळीस ओलांडायला कितीसा वेळ? टेबलावर घ्या, पंख्यातली धूळ काढा. जानेवारीतही असंच होत असेल तर थर्मिस्टर किंवा बॅटरी बिघडली आहे.

१४. नवी बॅटरी टाकली, तरी तेच! दुकानदार म्हणतो लॅपटॉपच खराब आहे.

दोघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो. जुनी बॅटरी परत लावा. ती थोडी तरी भरत असेल तर नवीवर संशय.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे किंवा जेल रोडकडे चक्कर मारली की "भिया, ओरिजिनल जैसा ही है" हे ऐकू येतंच. त्यातल्या "जैसा" या शब्दाकडे लक्ष द्या. "कंपॅटिबल" बॅटरी वाईटच असते असं नाही, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये तीच आहे. पण तिच्यातलं सर्किट लॅपटॉपशी नीट बोललं पाहिजे. एक्स२३० आणि टी४३० च्या पिढीपासून थिंकपॅड तर अनोळखी बॅटरीला सरळ सांगतो की ही अधिकृत नाही, कदाचित चार्ज करणार नाही. तिथे बॅटरीही चांगली आणि लॅपटॉपही चांगला, पण सोयरीक जुळत नाही.

घेताना लेबलवर भारतीय मानक ब्युरोचं नोंदणी चिन्ह आणि इंग्रजी आर ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून बघता येतो. अडॅप्टरलाही हेच लागू. आणि जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर फोटो काढून न्या, लॅपटॉपचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन आकारांच्या बॅटऱ्या निघतात.

१५. आतले सेल बदलून घेतले तर स्वस्तात पडेल ना?

जुन्या जाड बॅटऱ्यांत १८६५० सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. ते बाजारात मिळतात, म्हणून हा मोह होतो. दोन अडचणी आहेत. सेल एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडावे लागतात, थेट सोल्डर केलं तर आतलं सील भाजतं. आणि बॅटरीतली मोजणी करणारी चिप जुन्या सेलचा हिशेब लक्षात ठेवते. एकदा तिने "कायमचा बिघाड" अशी नोंद केली की नवे सेल टाकले तरी ती दार उघडत नाही. ती नोंद पुसायला वेगळं उपकरण लागतं. ज्या मॉडेलची बॅटरी कुठेच मिळत नाही, त्यासाठीच हा मार्ग, आणि तोही हे काम रोज करणाऱ्याकडून.

१६. यूएसबी-सी चार्जर मीटरवर शून्य दाखवतो, पण मोबाइल चार्ज करतो. लॅपटॉप मात्र नाही.

शून्य दाखवणं बरोबर आहे. दोन्ही टोकांना सी असलेला चार्जर समोर कोणी आहे हे कळल्याशिवाय वीज सोडत नाही. मग ५ व्होल्टपासून बोलणी सुरू होतात आणि लॅपटॉपने मागितलं तर २० पर्यंत चढतात. मोबाइलचा चार्जर वीसपर्यंत जात नसेल, किंवा केबलचं एक टोक जुनं चौकोनी यूएसबीचं असेल, तर लॅपटॉपला काही मिळत नाही. चार्जरवर २० व्होल्टची ओळ छापलेली आहे का बघा. पोर्टमध्ये लाकडी टूथपिकने अलगद धूळ काढा, खिशातला कापूस निघतो. २०१७ ते २०१९ च्या काही थिंकपॅडसाठी लेनोवोने थंडरबोल्टचं (यूएसबी-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, दुरुस्त करून दिलं आहे. त्या वयाचा लॅपटॉप असेल तर ते आधी टाका.

१७. तारीख सारखी मागे जाते. तोच सेल बदलला की चार्जिंग सुरू होईल?

नाही. तारीख सांभाळणारा नाण्यासारखा सेल वेगळा. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ असतो आणि चार्ज होतच नाही. काही जुन्या लॅपटॉपमध्ये मात्र एमएल१२२० सारखा चार्ज होणारा सेल असतो. त्याच्या जागी साधा सीआर टाकू नका. जुन्यावरची अक्षरं वाचून तसाच घ्या.

१८. चार्जिंगला लावलं की पत्र्याला झिणझिण्या येतात. म्हणूनच चार्ज होत नसेल का?

दोन्हींचा संबंध नाही. अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमधून किंचित वीज झिरपते आणि अर्थिंग नसेल तर ती तुमच्या मनगटाला कळते. तीन पिनांची वायर आणि खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट वापरा. जुन्या वाड्यांतल्या तिसऱ्या भोकात कित्येकदा तारच नसते, इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

१९. अडॅप्टर, जॅक, बॅटरी, सेटिंग, सगळं पाहिलं. आता?

आता बोर्ड. वीज कुठून कशी जाते ते समजलं तर कारागीर काय सांगतोय ते कळेल. जॅकमधून ती फ्यूजमध्ये येते, मग दोन मॉसफेटमधून, जे दरवाजांसारखे उघडतात-मिटतात. पुढे एक अगदी कमी रोधाचा रेझिस्टर, ज्यावरून किती वीज चालली ते मोजतात. मग चार्जिंगची चिप आणि तिथून बॅटरी. शेजारून दोन बारीक रेषा जातात, ज्यांवरून कंट्रोलर बॅटरीला विचारत असतो की किती भरलीस, किती तापलीस. मुख्य वाट शाबूत असून या दोन रेषा तुटल्या तरी चार्जिंग बंद.

चांगला कारागीर या वाटेवर एकेक ठिकाणी व्होल्ट मोजत जातो. मोजमाप न करता "आयसी (चिप) गेली" म्हणणाऱ्याकडून लॅपटॉप परत घ्या. कुठे किती व्होल्ट मिळाले एवढं विचारलं तरी माणूस ओळखता येतो.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. सुट्या बॅटरीच्या पिनांवर मीटर शून्य दाखवतो म्हणून ती मेली असं ठरवू नका. लॅपटॉपमध्ये बसल्याचा इशारा एका पिनेवरून मिळाल्याशिवाय कित्येक बॅटऱ्या वीज बाहेर सोडत नाहीत.

आणि चहा सांडला असेल तर सांगून टाका. कीबोर्ड काढला की साखरेचा चिकट थर दिसतोच. बॅटरीच्या कनेक्टरपाशी हिरवट गंज असेल आणि तो लवकर साफ झाला, तर कधीकधी तेवढ्यावर भागतं. तीन महिने लपवलं तर नाही.

२०. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर वापरला तर?

बहुतेक जुने लॅपटॉप निमूट चालतात. जुने मॅकबुक मात्र बॅटरी नसली की वेग उतरवतात. वीज गेली की लॅपटॉप तत्क्षणी बंद, म्हणून छोटा यूपीएस लावा. मुलांच्या अभ्यासाला, टेबलावर एका जागी ठेवायला, जुन्या यंत्रात बॅटरीचे पैसे घालण्यापेक्षा मला हे पटतं.

२१. भाऊ पुण्याहून विमानाने येतोय. बॅटरी आणायला सांगू?

सांगा, पण सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नसते आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या सहसा त्याखालीच असतात. पिनांवर चिकटपट्टी लावायला सांगा. फुगलेली बॅटरी परत पाठवायची असेल तर विमान नाही.

२२. जुनी बॅटरी कुठे टाकू?

ओल्या-सुक्यात नाही. कचरागाडीच्या दाबणाऱ्या यंत्रात चिरडली की पेटते. आपल्याकडे इंदूरला कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतात आणि ई-कचऱ्याचा कप्पा त्यात आहे. गाडीवरच्या माणसाच्या हातात द्या आणि बॅटरी आहे हे तोंडाने सांगा. पिनांवर चिकटपट्टी लावलेली असू द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवी घेताना जुनी परत घेणार का हे विचारायला संकोचू नका.

२३. काका, तुम्हीच बघाल का?

रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर. जॅकपर्यंतचं आणि बॅटरीचं काम करतो. बोर्डावरचं बारीक सोल्डरिंग आता डोळ्यांना झेपत नाही, ते पुढे पाठवतो. येताना चार्जर आणा. गेल्या महिन्यात तिघं जण चार्जिंगची तक्रार घेऊन नुसता लॅपटॉप काखेत मारून आले होते.